देवी न्हाई, तुका

प्रिय सुप्रिया,

लॉस एंजेलिसहून तू भिंतींचे फोटो पाठवलेस आणि माझं डोकं फिरवलंस बघ. ती मेक्सिकन वंशाची चिकानो माणसं हक्कासाठी उभी राहिली तेव्हा त्यांनी पोस्टरं छापली, भिंती रंगवल्या; द्राक्षमळ्यात राबणारे आपलेच चेहरे त्यांनी भल्यामोठ्या आकारात काढले. म्हटलं, आपल्या मंचरला काय भिंतींचा दुष्काळ आहे?

तुझी आई ज्या वखारीत कांदा निवडते, तिथल्या भिंतीवर मी तिलाच काढलं. मालकाला वाटलं, ही बाई जुन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवते, कांद्याची जाहिरात काढेल. मी तुकाकाकू काढल्या, जशा आहेत तशा, मोकळ्या कपाळाच्या. खाली लिहिलं, ‘आम्हालाही संडास हवा.’ दिवसभर बायका पाणी न पिता बसतात गं तिथे. मालक असा भडकला की त्याने लगेच चुन्याची बादली देऊन माणूस पाठवला.

तो माणूस हात जोडून परत गेला. कुणा वाटसरू बाईने देवी समजून चित्राच्या कपाळाला कुंकू लावलं होतं! आता रोज उदबत्ती, नारळ. हारांच्या ढिगाखाली ती ओळ पार झाकून गेली आहे. मालक खूश, हसत म्हणतो, “देवीला कुठं संडास लागतो?” मला इतका संताप आला म्हणून सांगू! तिकडे मोर्चाच्या पुढे ग्वादलूपेच्या माउलीचं, म्हणजे त्यांच्या मेरीमातेचं, चित्र असायचं, असं तूच सांगितलंस. पण मागून माणसं आपलं मागणं घेऊन चालत होती. इथे नुसतीच आरती.

मी कुंकू पुसायला ओला फडका घेऊन गेले, तर काकूंनी हात धरला. तुझे वडील, अण्णा, गेल्यापासून त्यांचं कपाळ मोकळंच. चित्राकडे बघत म्हणाल्या, “कुकू ऱ्हाऊ दे. लई दिसांनी बगितलं. पर खाली माजं नाव लिव. देवी न्हाई, तुका हाय मी.”

सुप्रिया, नाव लिहिलं की देवीची भीती संपली. चुना पुन्हा येईल आणि काकूंचं कामही जाईल. त्यांना ते ठाऊक आहे. तुला कळवू नको म्हणाल्या, म्हणूनच लिहिते आहे. उद्या सकाळी मी हार बाजूला करून नाव लिहिणार. तुझी परवानगी मागत नाही. ती काकूंनी दिली आहे. फक्त उद्या त्यांना फोन कर आणि ‘कामाला जाऊ नको’ असं म्हणू नकोस.

ब्रश धुवून बसलेली तुझीच,
इंद्रायणी