आप्पांच्या रिव्हॉल्व्हरचं सहावं घर

८ नोव्हें., शनि.
सांगलीहून घरी आले. आप्पांच्या गालावर चिरलेलं. "दाढी करताना लागलं." आईनं आत बोलावून खरं सांगितलं. बिबट्यानं परवा शेजारची शेळी नेली. त्याला हुसकायला आप्पांनी उसाच्या कडेला हवेत गोळी झाडली. पलटणीतून रिटायर झाल्यावर लायसन काढून विकत घेतलेलं जुनं रिव्हॉल्व्हर, कित्येक वर्षं कपाटातच होतं. गोळी वर गेली, मग गाल कशानं कापला?

९, रवि.
कारखान्यात मी रोज हेच बघते, दोन भाग एकमेकांशी नीट बसलेत का. म्हटलं, दाखवा. लय तडकले. "सुभेदाराला शिकवतीस व्हय गं?" मी हटले नाही. शेवटी गोळ्या काढून आईकडं दिल्या. सहाही घरं रिकामी आहेत हे मी परत बघितलं. त्यांनी घोडा ओढून धरला, मी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांच्या घरांचं फिरतं चाक, हलवून पाहिलं. एक घर नळीसमोर आलं की ढिलं. अडकतच नाही. नळी आणि सिलिंडरमधली फटही जास्त वाटतेय.
आप्पा म्हणाले, "पाच बरोबर हायत न्हवं?"
जेवले नाहीत.

१२, बुध.
रजा टाकली. आप्पा स्वतः रिव्हॉल्व्हर घेऊन सांगलीला आले. परवानाधारक दुरुस्तीवाल्यानं नळीतून सरळ गज घातला. पाच घरांत सरकन गेला. सहाव्याच्या काठाला अडला. म्हणाला, गोळी तिथं घासते, शिशाची कपची फटीतून बाजूला उडते. "सुभेदारसाहेब, डोळा वाचला तुमचा." सुटे भाग मिळत नाहीत. वापरू नका.
परतताना कराडला चहा. आप्पा एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला डोळ्याचं सांगू नगंस."
सांगितलं.

१५, शनि.
ओढ्याजवळ पुन्हा बिबट्याचा माग दिसला. वनखात्याला मीच फोन केला, पिंजरा लावतो म्हणाले. आप्पांशी सरळ बोलले. सोमवारी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करू, मी सोबत येते. म्हणाले, "जाऊ."

१६, रवि.
आप्पा काठी, बॅटरी घेऊन मळ्याकडं गेले. कपाटाला कुलूप. निघताना किल्ली मागितली तर म्हणाले, "उद्या जायाचंच हाय की." किल्ली त्यांच्याच खिशात. रिव्हॉल्व्हर आत आहे की त्यांच्याजवळ, कळायला मार्ग नाही. मी रजा आणखी एक दिवस वाढवली. आता त्यांच्या मागोमाग निघतेय.