हजार वेळा प्लग

३ जून, सोमवार
आंबे पिकवायच्या खोल्यांसाठी मी केलेला कंट्रोलर आज शरद सरांपुढे ठेवला. प्रोजेक्ट लीडची जागा रिकामी आहे, ती माझीच. तर ती नवी अश्लेषा सगळ्यांदेखत विचारते, काका, सेटिंग सेव्ह होते वक्त लाइट चली गई तो? घरचे अमरावतीचे, मराठी सगळं कळतं, बोलणार ऑफिसातल्या सगळ्यांसारखं हिंदी. वर काका! मी एक्केचाळीसचा आहे. बदला घेणार. शांतपणे, पण घेणार.

५ जून
सेव्ह चालू असताना लाइट गेली. अठराचं तापमान २५५ झालं. दोष विजेचा. उपाय सापडला: डब्यावर स्टिकर. 'सेव्ह होते समय बिजली न काटें.'

६ जून
अश्लेषाने स्वतःचा बोर्ड केलाय. सेटिंग दोन जागी आळीपाळीने लिहितो. एक अर्धवट राहिली तर दुसरी शाबूत. भित्र्यांचं काम. सरांनी माझा स्टिकर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. पटला असावा.

१० जून
बुधवारी मलिहाबादचे आंब्याचे बागवाले खानसाहेब डेमोला येणार. त्यांना ज्याचा बोर्ड पसंत, तो लीड. तिचा डेमो रंगात आला की पायाने प्लग ओढायचा. अपघात! आरशापुढे तीनदा सॉरी म्हणून पाहिलं. छान जमतं.

१२ जून, स. ११.४०
सेव्ह चालू होताच ओढला. बोर्ड बंद. काय आनंद झाला! सगळे बघत होते म्हणून परत लावावा लागला. सेटिंग जशीच्या तशी. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. चौथ्यांदा सॉरी म्हणायचं राहून गेलं. खानसाहेब खूश. म्हणाले, वाह जनाब, इसे कहते हैं टेस्ट! मग उठून, सेव्ह चालू असतानाच, माझ्या बोर्डाचा प्लग ओढला. स्टिकर समोर असताना! लोक वाचतच नाहीत.
२५५.

१४ जून
अश्लेषा लीड. मलाही खास जबाबदारी: तिचा बोर्ड मलिहाबादला जाण्याआधी हजार वेळा प्लग काढायचा, लावायचा, सेटिंग तपासायची. इतक्या मनापासून दुसरं कोणी करणार नाही, असं तिनेच सुचवलं म्हणे. मूर्ख मुलगी. आता बघच.

१८ जून
६१२. बोर्ड अजून जिवंत आहे. थकल्यासारखा वाटतो.

२१ जून, सायं. ५
हजार पूर्ण. एकदाही बिघडला नाही. रिपोर्टवर 'पास' लिहून सही करायची होती, ती टेस्ट करणाऱ्याचीच लागते. उजवा अंगठा सुजलाय म्हटलं. सर म्हणाले, बाएँ हाथ से कर दीजिए, चलेगा.
केली.