गोलकीपर पहिल्या शिफ्टला

११ जानेवारी, रविवार

सकाळी कुंदाबरोबर दापोडीला. नदीपलीकडच्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉलचा सराव बघायला. पुढच्या रविवारी त्यांचा आमच्या कॉलेजशी सामना. आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या माजी खेळाडू, तोंडाला स्कार्फ बांधून कट्ट्यावर. जणू कुणी बघणारच नाही. कुंदाकडे शेंगदाणे, माझ्याकडे वही.

हालत वाईट आहे त्यांची. तीन सामने, तिन्ही हरलेले. दोघींचे गुडघे गेले, एकीचं लग्न ठरलं, बाकीच्या अभ्यासाच्या नावाखाली गायब. उरल्या बरोबर सात. सातपेक्षा कमी झाल्या तर सामनाच होत नाही, समोरच्याला पुढे चाल मिळते.

कुं. म्हणाली, "नऊ गोल मारून वर टाळ्या वाजवल्या हुत्या ह्यांनी. आता वाजवा म्हनावं!"

बावीस वर्षं झाली त्याला. तिच्या लेखी परवाची गोष्ट. खरं तर माझ्याही.

नोंदी: मधली फळी नाहीच. अर्ध्या तासात धाप लागते. गोलकीपर बुटकी, पण धीट. डावीकडे खाली कमी पडते. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली. सगळ्यांवर सतत ओरडते. हरणाऱ्या संघात एवढा आवाज कुठून येतो?

१३ जानेवारी, मंगळवार

चाकणला ऑडिट. आमच्या कंपनीला पत्रा दाबून केलेले ब्रॅकेट पुरवणारं छोटं प्रेस शॉप. तपासणीच्या टेबलावर एक मुलगी गेज लावून पार्ट बघत होती. दोन बोटांना तीच पट्टी. तीच गोलकीपर.

हजेरी बघणं माझं कामच. पहिली शिफ्ट, रोज, सहा महिने.

स्पर्धेचा नियम मला पाठ आहे. पूर्ण वेळ नोकरी करणारीला कॉलेजकडून खेळता येत नाही. पकडली गेली तर दोन वर्षं बंदी.

सुपरवायझर फोन घ्यायला बाजूला गेला तेव्हा तीच म्हणाली, "मॅडम, रविवारी ग्राउंडवर तुम्हीच होता ना? वहीत काय लिहीत होता?"

थापा मला जमत नाहीत. "डावीकडे खाली कमी पडतेस."

"माहितंय मला. मारून बघा म्हणावं रविवारी." मग जरा हळू, "अर्ध्या दिवसाचं काम मिळंना मॅडम. गावाकडं..."

वाक्य तिथेच सोडलं आणि पुढचा पार्ट उचलला. तो नापास मालाच्या लाल पेटीत टाकला. मला चांगला वाटला होता. काढून मोजला. तिचं बरोबर होतं.

१४ जानेवारी, बुधवार

कुं. तिळगूळ घेऊन आली आणि मी सांगून बसले. चूक माझीच. मला कौतुक सांगायचं होतं, की आठ तास उभं राहून पोरगी संध्याकाळी सरावाला जाते.

कुं. लाडू खाता खाता थांबली. "म्हंजी ती नोकरीला हाय? मग ऱ्हायल्या सहाच की!"

मी कौतुक सांगत होते, तिने वजाबाकी केली. "कुणाला बोलू नकोस," म्हटलं. "न्हाई गं," म्हणाली. तोंडावरून कळलं की बोलणार.

१५ जानेवारी, गुरुवार

बोलली. दुपारी शेलार सरांचा फोन. आमच्या वेळचे क्रीडाशिक्षक, अजून तेच आहेत.

"हरकत लेखी लागते, सामना सुरू व्हायच्या आत. आणि जिने पाहिलं तिची सही. कुंदाने केली तर लोक म्हणतील खुन्नस काढतेय. तुझ्या सहीवर कुणी शंका घेणार नाही."

आयुष्यभर खरं बोलण्याचं हे बक्षीस.

म्हटलं, ऑडिटमध्ये पाहिलेलं बाहेर सांगायचं नसतं.

"मग कुंदाला कसं सांगितलंस?"

मी फोन ठेवायला लागले.

तेवढ्यात त्यांनी आणखी एक सांगून ठेवलं. हा सामना मिळाला की आपण सेमीफायनलला. आपली कॅप्टन पोलीस भरतीला बसते आहे, सेमीचं प्रमाणपत्र तिच्या कामाला येईल. हे खोटं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज एका पुरवठादाराचा अख्खा लॉट परत पाठवला. भोक जरासं मोठं. तो म्हणत होता, "मॅडम, एवढं चालतं हो." म्हटलं, नाही चालत.

घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. तिथे चालत नाही, मग इथे कसं चालतं? पैसे देऊन आणलेले खेळाडू कॉलेजच्या नावावर घुसू नयेत म्हणून हा नियम केला. हिला खेळायचे पैसे कोण देतं? तिच्या शॉपमध्ये ती खेळते हे ठाऊकसुद्धा नसेल. पण नियम कुठे लागू आणि कुठे नाही हे मी ठरवायला लागले तर तो पुरवठादार काय वेगळं म्हणत होता?

आणि टोचतं ते वेगळंच. ती रडली असती, हात जोडले असते, तर मी तिच्यासाठी एवढी अडून बसले असते का? बहुतेक नाही. मला तिची गुर्मी आवडली. हे न्यायाचं कारण नव्हे. तरी आवडली.

१७ जानेवारी, शनिवार

रावेतला कुं.कडे गेले. सरांचा कागद टेबलावर तयारच. खाली माझं नाव टाईप केलेलं, सहीची जागा रिकामी.

"तू आपली का त्यांची?"

"आपलीच. म्हणून तर खेळून हरवायचंय."

"आन हरलो तर?"

"सात जणींशी हरलो तर आपली लायकी तेवढीच, कुंदे."

"मला ग्यान नको देऊ. नऊ गोल तू न्हाई खाल्ले. मी खाल्ले."

खरं आहे. त्या दिवशी गोलात ती होती. आम्ही बाकीच्या दहा जणी बसमध्ये गाणी म्हणत परत आलो, ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. हे मी इतक्या वर्षांत एकदाही तिच्याशी बोलले नाही.

तरी म्हटलंच, "मग गोलात एकटं उभं राहणं काय असतं ते तुलाच जास्त कळायला पाहिजे."

तिचा चेहरा उतरला. बोलायला नको होतं की याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं, ठरवता येत नाही. चहा ठेवलेला तसाच सोडून निघाले. ती दारापर्यंत आली नाही. असं पहिल्यांदाच.

१८ जानेवारी, रविवार

मैदानाच्या पायरीवर बसून लिहिते आहे. सामन्याला वीस मिनिटं.

त्या सातही आल्या. गोलकीपर दाताने पट्टी तोडते आहे. सगळ्यांवर ओरडणं चालूच. मला पाहिलं. मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

आमची कॅप्टन येऊन गेली. "मॅडम, सर म्हणतात सामना कदाचित होणार नाही. खरंय?"

"तुला काय पाहिजे?"

"दोन्ही," म्हणाली. "खेळायचंय पण. आणि सेमी पण पाहिजे." निदान लपवलं नाही तिने.

माझं एवढं पक्कं आहे: सही करणार नाही. पण पंचांनी समोर उभं राहून विचारलं, "पाहिलंत की नाही?" तर पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही मला. या दोन्ही गोष्टी एका तोंडात कशा बसवायच्या ते चार दिवस शोधते आहे. बसत नाहीत. उत्तर देणार नाही, एवढंच सांगू शकते. त्याचा अर्थ कुणालाही कळेल, तेही माहीत आहे. मग काय म्हणायचंय ते म्हणा. कौतुक कुंदाला सांगितलं ही चूक माझी, त्या गोलकीपरची नाही. ती सुधारायला कुठला फॉर्म नसतो.

सर निघाले. हातात कागद, बरोबर पंच. सरळ माझ्याकडेच.

पलीकडच्या टोकाला कुंदाही उठली आहे. सरांना सामील व्हायला येते आहे की अडवायला, एवढ्या लांबून कळत नाही. पण भराभर येते आहे.

वही मिटते. बसून नाही, उभी राहून बोलणार आहे.