अर्धं अंडं

लाओआग, भरदुपारी

दाल्मासियो, माझ्या दर्यावर्दी लेका,

मी सांगतेय, तुझी लेक लिरिओ लिहितेय. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर दोष तुझ्याच रक्ताचा.

तुझ्या जहाजाच्या कंपनीचा फोन आला होता. "शोध थांबवण्यात आला आहे." मी विचारलं, कुणी थांबवला? लिरिओ म्हणाली, "आजी, इंग्रजीत असं चालतं. शाळेत तेच शिकवतायत. करणाऱ्याचं नाव गाळता येतं." म्हटलं, चोरांची चांगली सोय आहे!

शेजारची पुरा म्हणते, "दाल्मासियोचंही ताट खिडकीत ठेव गं, उपाशी फिरेल." मी म्हटलं, "जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवू? त्यापेक्षा तुझ्या नवऱ्याचं ठेव, दिवसभर मेल्यासारखा लोळतो."

खिडकीत ताट एकट्या तुझ्या बाबांचं असतं. चिकट भात, उकडलेलं अंडं, घोटभर उसाची दारू. त्यातलं कधी काही कमी होत नाही. संध्याकाळी आम्हीच खातो. आज मात्र दुपारीच अंडं मधोमध कापलेलं होतं, दोऱ्यानं कापावं तसं सरळ. अर्धंच उरलं होतं. दार बंद होतं. आम्ही दोघी समोरच धडा घोकत बसलो होतो. "अंडं कापलं गेलं," लिरिओ पुटपुटली.

दोऱ्यानं अंडं कापून अर्धं तुला देणारा एकच माणूस होता. दुसऱ्या कुणाला त्यानं कधी वाटा दिला नाही.

हे लिहिताना तुझ्या लेकीचा हात थांबला. "आजी, मग बाबा..."

मी म्हटलं, लिही. पत्ता तेवढा घालू नकोस.

उद्या मी दोन अंडी उकडणार आहे. तुझं तुला अख्खं ठेवीन.

तुझी आई