फॉर्ममध्ये न लिहिलेली गोळी

रहिमतपूर,
रविवार, दुपार

प्रिय अंकिता,

पत्र बघून दचकशील. मी तरी काय करू? फोनवर तू सापडत नाहीस, आणि मोबाईलवर पाठवलेलं वाचतेस हे मला त्या दोन निळ्या खुणांवरून कळतं, पण पुढं काही नाही. म्हणून मग अर्फाच्या वहीची पानं फाडून बसले. समीक्षा बारावीला गेली असेल ना? अर्फा अकरावीला आहे, सायन्स घेतलंय. उंची माझ्या वर गेली. तिचे अब्बा आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. फॅब्रिकेशनच्या दुकानाचं शटर मार्चपासून खाली आहे. ज्या माणसानं वीस वर्षं अर्ध्या गावाची गेटं, जिने, शेड उभी केली, त्याला उंबरा ओलांडताना मी दंडाला धरते आणि ते तोंड फिरवतात. पण खरं सांगू, पडल्याचा राग नाही गं मला. उंचावरचं काम आहे, माणूस पडतो. राग आहे तो त्यानंतर जे झालं त्याचा.

तुला सगळं नीट सांगायचंच राहून गेलं. कराडजवळ मलकापूरला एका कोंबड्यांच्या शेडचं काम होतं. सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली तुटला आणि हे पंधरा फुटांवरून खाली. खुब्याचं हाड मोडलं. बरोबरच्या बाळासोंनी जवळच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी एसटीत बसायच्या आधी पहिला फोन केला तो तुला, आमचा विमा तूच उतरवला होतास म्हणून. तू म्हणालीस, “घाबरू नगंस, कॅशलेस हाय. कार्ड दाखव फक्त, बाकी मी बघते.” त्या एका वाक्यावर मी कराडपर्यंतचा रस्ता काढला. दवाखान्यात कार्ड दाखवलं, त्यांनी विमा कंपनीला कळवलं, आधी होकार आला, ऑपरेशन झालं, रॉड बसला. मी मनातल्या मनात तुला किती दुवा दिल्या असतील!

घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या खिडकीतल्या माणसानं हाक मारली, “निजाम मुलाणी यांच्याबरोबर कोण आहे?” मी गेले. तो कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला, “मॅडम, क्लेम नाकारलाय. पेशंटला आधीपासून बीपी आहे. तुम्ही ते कंपनीला कळवलं नव्हतं.” मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, “दादा, पत्रा तुटून पडलेत ते.” त्यानं कागद वाचून दाखवला: चक्कर येऊन पडण्याची शक्यता नाकारता येत नाही. अंकिता, ही शक्यता कुणाला दिसली? कुठल्यातरी गार ऑफिसात बसलेल्या माणसाला. बाळासो तर तिथंच खाली उभे होते. ते तिथल्या तिथं खिडकीत वाकून म्हणाले, “आवं सायेब, आमी डोळ्यांनी बघितलंय. पत्रा कडाडला आन् दादा त्याच्यासंगं खाली आलं. चक्कर कसली?” खिडकीतला म्हणाला, “आमच्या हातात काही नाही.” मग कुणाच्या हातात आहे? पत्रा काय यांच्या बीपीनं तुटला?

बिल भरायला माझ्या पाटल्या त्याच संध्याकाळी गेल्या, त्याचं काही नाही. पण आठ दिवसांनी इंग्रजीत पत्र आलं. अर्फानं वाचलं. महत्त्वाची माहिती दडवली म्हणून पॉलिसीच रद्द. एकट्या त्यांची नव्हे, तिघांची. अर्फा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “अम्मी, मी काय दडवलं होतं?” तीन वर्षं हप्ता घेताना कंपनीनं एकदा तरी विचारलं का, की बाई, तुझा नवरा सकाळी कुठली गोळी खातो? घेताना काही विचारायचं नाही आणि द्यायची वेळ आली की भिंग घेऊन बसायचं. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी ‘पाच वर्षांपासून बीपी’ असं लिहिलं, कारण यांनी विचारल्यावर खरं सांगितलं. खरं सांगितलं म्हणून अडकलो!

ही पॉलिसी आपण कशी शोधली होती, आठवतं तुला? अर्फाला डेंगू झाला, त्यानंतर मी हट्टच धरला होता. बँकेत गेले तर म्हणाले, पगाराची स्लिप आणा. स्वतःचं दुकान असणाऱ्यानं पगार कुणाकडून घ्यायचा? एका कंपनीनं वेल्डिंग म्हणजे धोक्याचं काम म्हणून असा हप्ता सांगितला की मी पाणी न पिताच उठले. सरकारी योजनेचं कार्ड आहे, पण नेमका मलकापूरचा तो दवाखाना त्या यादीत नव्हता. माझा भाऊ मतीन साताऱ्याला कारखान्यात आहे, त्याचं, बायकोचं, पोरांचं सगळं कारखाना बघतो. तोही वेल्डरच. कारखान्यातल्या वेल्डरचं हाड तेवढं हाड, आणि चौकातल्या वेल्डरचं काय लोखंड असतं? परवडेल असं कुठंच काही मिळेना, तेव्हा तू आलीस. भाऊजी गेल्यावर सांगलीला राहून तू एकटीनं एजन्सी उभी केलीस, माहेरच्या गावात दारोदार फिरलीस, आणि मी शाळेतल्या आपल्या सगळ्या मैत्रिणींना अभिमानानं सांगत होते, आमची अंकिता बघा.

तू माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून मोबाईलवर फॉर्म भरत होतीस. आजारांचं पान आलं. मी स्वतःहून म्हणाले, “यांना बीपीची गोळी चालू आहे, रोज सकाळी एक.” तुझं बोट थांबलं. तू म्हणालीस, “आगं, ते लिहिलं की तपासणी लावत्यात, हप्ता वाढतो. बारीकशी गोळी ती, कोण विचारतंय? सगळीच असं करत्यात. मी हाय न्हवं?” आणि सगळ्या ओळींपुढं ‘नाही’ दाबत गेलीस. मग म्हणालीस, “ओटीपी सांग.” मी सांगितला. अंकिता, तो मी सांगितला. गेले चार महिने मी हे टाळत होते. मी पाहिलं होतं तू काय दाबलंस ते. हप्ता परवडतोय म्हणून मला बरं वाटलं होतं. तुझ्यावर ओरडावंसं वाटतं तेव्हा तो आकडा सांगणारा माझाच आवाज ऐकू येतो.

पण कंपनीला मी सोडणार नाही. तिथल्या तक्रार विभागानं दोन ओळींत वाटेला लावलं. आता पुण्याला विमा लोकपालांकडं अर्ज करतेय. साताऱ्यात असे अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “वहिनी, सरळ लिहा, एजंटनं आम्हाला काही विचारलंच नाही, परस्पर फॉर्म भरला, फसवलं. तुमची बाजू भक्कम होते.” कागद तयार होता, सही तेवढी करायची होती. मी पेन खाली ठेवलं. यांनाही विचारलं. ते पडल्या पडल्या म्हणाले, “खोट्यानं एकदा हात पोळलाय. परत नको.”

म्हणून हे पत्र. अर्ज मी स्वतः लिहिलाय, जसं झालं तसा. मी गोळीचं सांगितलं, एजंटनं लिहिलं नाही, मी ते पाहिलं आणि गप्प बसले, आणि या सगळ्याचा तुटलेल्या पत्र्याशी काहीएक संबंध नाही. त्यात तुझं नाव आहे, अंकिता. ते काढता येत नाही. पुढच्या सोमवारी अर्ज जाईल, आणि तुला ते कंपनीच्या माणसाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं असं वाटलं. तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे, तुझ्या सहीची: ‘सुरय्यानं मला बीपीच्या गोळीबद्दल सांगितलं होतं.’ मला ठाऊक आहे, या एका ओळीनं तुझी एजन्सी जाऊ शकते, आणि समीक्षाची फी त्याच एजन्सीवर चालते. तरी मागतेय. आणि दुसरं, शेजारच्या हरणाबाईंचा फॉर्म तूच भरलास. त्यांना साखर आहे, तिथंही तू ‘नाही’ दाबलंस. त्या भाजीच्या पाट्या उचलून हप्ता भरतात आणि काल मला म्हणत होत्या, आपल्याला काय काळजी, आपला इमा हाय. त्यांच्या फॉर्मवर काय लिहिलंय, ते तू येऊन सांग, त्यांना अजून काही झालेलं नाही तोवर. माझ्यासाठी ओळ दिली नाहीस तरी चालेल. त्यांच्या दारात मात्र ये.

अजून तरी तुझीच,
सुरय्या