गाडी थेट शेतात

रविवार, ५ जानेवारी २०२५
संकल्प! होटगीच्या शेतापर्यंत रस्ता करायचाच. आप्पांनी माझ्या वाट्याला ठेवलेले वीस गुंठे. रिटायर झालो की तिथं खोली बांधून राहायचं, गाडी थेट दारात. सध्या डांबरीवर गाडी लावून बांधावरनं तेराशे फूट चालावं लागतं. आज पाटाच्या चिखलात चप्पल गेली. विजयमाला म्हणाली, विकून टाका की. बायकोला व्हिजन नाही.

रविवार, १२ जानेवारी
मध्ये दोनच शेतं. आधी चन्नप्पाचं, मग केराबाईंचं. चन्नप्पाकडं चहा झाला. बारा फुटांची पट्टी मागितली. गडी लगेच तयार! म्हणाला, घ्या की साहेब, लई चांगलं काम हाय, फकस्त जेवढी माझी जाईल तेवढी तुमच्यातली द्या. इकडं अशीच पद्धत, जमिनीला जमीन. त्याचे सात गुंठे जातात. सात दिले. एकदम फेअर. चिंचोळीच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, निगोशिएशन मला कुणी शिकवू नये.

रविवार, १९ जानेवारी
केराबाईंचे आठ गुंठे जातात. म्हातारी रडायलाच लागली. मालकांनी ही माती घामानं कसली रं लेकरा, म्हणाली. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, मावशी, माझ्यातले आठ गुंठे निवडून घ्या. तिनं डोळे पुसले आणि विहिरीकडची काळीभोर जमीन निवडली. वर ओंजळभर शेंगा दिल्या. माणसं जोडावी लागतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०
विजयमालानं कॅलेंडरच्या मागं वजाबाकी करून दाखवली. पाच उरले. उरले तर उरले! पुण्यात लोक अर्ध्या गुंठ्यात बंगले बांधतात. बोलणं बंद.

रविवार, २ फेब्रुवारी
जेसीबी आला. मुरूम पडला. रोलर फिरला. काय रस्ता झालाय! डोळे भरून आले. आप्पा असते तर... 'आप्पासाहेब मार्ग' अशी पाटी सांगून ठेवली.

रविवार, ९ फेब्रुवारी
मुरूम आणणारा बिरुदेव म्हणाला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळायला जागा कुटं हाय? रिवर्सात न्हाई यायचो आमी. मुद्दा टेक्निकल होता. रस्ता अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. उरलेल्या पाच गुंठ्यांवरही मुरूम टाकून घेतला. तात्पुरता.

रविवार, २३ फेब्रुवारी
सकाळी खोलीच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. दहाला केराबाईंची कडब्याची ट्रॉली आली. बिरुदेवनं खाली उतरून चारी खुंट्या उपटल्या आणि नीट माझ्या हातात दिल्या. म्हणाला, साहेब, वळायच्या जागंत कुणी घर बांधतंय व्हय? तहसीलला तक्रार करीन म्हटलं. केराबाई म्हणाल्या, कर की, पण रस्ता तूच केलायस लेकरा, सगळ्या गावानं बघितलंय.

उन्हात उभा राहिलो. बसायला बांधसुद्धा माझा नव्हता. आप्पांची जमीन माझ्या हातानं गेली, आणि कुणी हिसकावलीही नाही, ह्याचं जास्त रडू आलं.

चन्नप्पानं ताक आणून दिलं. मनापासून म्हणाला, रस्ता झकास झालाय साहेब, आमचं लई सोयीचं झालं. मग विचारलं, पण तुमी आता हितं कशाला येतासा?

ताक प्यालो, गाडी वळवली आणि घरी आलो.