आईचा ताप उतरला तेव्हा

धाकट्या,

आई गेल्यापासून तू म्हणतोस, "दादा, मीच करंटा, वेळेवर आलो नाही." ते मला आता ऐकवत नाही.

वीस वर्षं मी आयसीयूतल्या चादरी बदलतोय. बारा खाटांपैकी चार-पाच तरी सेप्सिसच्या असतात, जंतूंचं विष अंगभर भिनलेल्या. त्यातल्या निम्म्यांवरून माणूस घरी जात नाही. पायाची जखम चिघळून आई तिथेच आली. तरी तिचं अंग गार लागलं तेव्हा मी हरखलो. तुला फोन केला, "ताप उतरलाय, धावत येऊ नकोस." तू म्हणालास, "म्हातारी आपल्याला पोचवूनच जाईल." आपण हसलो.

मागे नर्सबाई होत्या. म्हणाल्या, "मामा, हा गारवा चांगला नाही. भावाला बोलवा." तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तुझी वाट चार तासांची. आई संध्याकाळी गेली.

मी पुन्हा फोन केला नाही. एवढी वर्षं तिथे काढून मला कळलं नाही, हे सांगायची लाज वाटली. देवाला रोज सांगतो. तो उलट विचारत नाही.

हे पत्रही त्याच्याच पायाशी ठेवतो. रविवारी तुझा फोन येईल. तू पुन्हा तेच म्हणशील, आणि मी म्हणेन, "असू दे रे."

तुझा,
दादा